नवा प्रोसेसर टाकला तरी टाइमलाइन अडकते: दोष शोधायचा कुठे आणि प्रोसेसर घ्यायचा कोणता

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात लग्नाचं मिक्सिंग (व्हिडिओ एडिटिंग) करणाऱ्यांची एक तक्रार दर हंगामाला नव्यानं कानावर येते. "अण्णा, प्लेबॅक अडकूलालाय बघा. आय-फाइव्ह काढून आय-सेव्हन टाकला, तरी तेच." तुळशीचं लग्न झालं की कामं सुरू होतात, मे महिन्यापर्यंत चार-पाच लग्नांच्या हार्ड डिस्क टेबलावर साचतात आणि नेमकी तेव्हाच टाइमलाइन अडखळायला लागते. दुकानात नेलं की "प्रोसेसर लहान पडतोय" असं सांगितलं जातं. तो बदलला जातो, पैसे जातात, आणि अक्षता पडण्याच्या क्षणाला चित्र पुन्हा गोठतं.

या तक्रारीत बहुतेक वेळा प्रोसेसर लहान नसतो. कॅमेऱ्यानं दिलेली फाइल उलगडायचं काम चुकीच्या जागी पडलेलं असतं. त्यामुळे तपास करायचा तो या क्रमानं: आधी फाइल, मग ती उलगडणारं इंजिन, मग डिस्क, उष्णता आणि वीज, आणि सगळ्यांत शेवटी कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, किती. दुकानात हा क्रम उलटा होतो, म्हणून खर्च वाया जातो.

अडकतं म्हणजे काय होतं

आपल्याकडे बहुतेक शूटिंग सेकंदाला २५ फ्रेमचं असतं. म्हणजे एक फ्रेम उलगडून, तिच्यावरचा रंग आणि इफेक्ट लावून पडद्यावर आणायला ४० मिलिसेकंद मिळतात. मल्टिकॅममध्ये तीन कॅमेरे असतील तर त्याच ४० मिलिसेकंदांत तिन्हींच्या फ्रेम तयार व्हायला हव्यात. ५० फ्रेमचं फुटेज असेल तर वेळ २० मिलिसेकंदांवर येते.

त्यात एच.२६४ आणि एच.२६५ या फाइलींत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक पूर्ण फ्रेम असते आणि तिच्यापुढच्या अनेक फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढीच नोंद असते. मधली एखादी फ्रेम दाखवायची तर मागच्या पूर्ण फ्रेमपासून सगळ्या उलगडत यावं लागतं. सरळ प्ले ठीक चालतो पण प्लेहेड मागे ओढला की सगळं थिजतं, ते यामुळेच. कट जितके जास्त तितक्या या उड्या जास्त. म्हणून तासाभराचा सलग विधी सुरळीत चालतो आणि तीन मिनिटांचा हायलाइट रडवतो.

हे उलगडण्याचं काम दोन ठिकाणी होऊ शकतं. एक, प्रोसेसरच्या सर्वसाधारण कोअरवर. दोन, त्याच कामासाठी बनवलेल्या वेगळ्या छोट्या सर्किटवर. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ते आतल्या ग्राफिक्सच्या भागात असतं, त्याला क्विक सिंक म्हणतात. एनव्हिडियाच्या कार्डातही तसं सर्किट असतं, एएमडीच्या ग्राफिक्समध्येही असतं. फरक एवढाच की प्रत्येकाला सगळ्या प्रकारच्या फाइली उलगडता येत नाहीत, आणि सगळी गोम तिथं आहे.

पाच मिनिटांची तपासणी

जिथं अडकतं तोच प्रोजेक्ट उघडा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर काढा, परफॉर्मन्सच्या पानावर जा आणि टाइमलाइन प्ले करा. सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून तो लॉजिकल प्रोसेसरनुसार करून घ्या. जीपीयूच्या पानावर एका चौकटीत 'व्हिडिओ डिकोड' निवडा. आता काय दिसतं ते बघा.

सीपीयू ९०–१०० टक्के आणि व्हिडिओ डिकोड शून्यावर: फाइल कोअरवर उलगडली जातेय. बहुतेकांचं दुखणं हेच असतं, त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

सीपीयू २५–३० टक्के, पण डिस्क १०० टक्के: प्रोसेसरला हात लावू नका. फुटेज फिरत्या हार्ड डिस्कवर आहे.

सीपीयू मोकळा, जीपीयूचा 'थ्रीडी' आलेख भरलेला: इफेक्ट आणि कलर ग्रेडिंग भारी पडतंय, तिथं ग्राफिक कार्डाचा विचार करायचा.

सुरुवातीला सगळं छान, दहा-पंधरा मिनिटांनी सीपीयूचा वेग ४ गिगाहर्ट्झवरून दोनच्या खाली: उष्णता.

एकूण सीपीयू जेमतेम ८–१० टक्के, तरीही अडकतं: लॉजिकल प्रोसेसरच्या चौकटी नीट बघा, त्यातली एकच पूर्ण भरलेली असेल. १२ थ्रेडच्या (म्हणजे १२ लॉजिकल प्रोसेसरच्या) प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा ८ टक्क्यांच्या आसपासच दिसतो. एखादा जुना प्लगिन किंवा टायटल एकाच थ्रेडवर चालत असतो. त्याला जास्त कोअर देऊन उपयोग नाही, तेवढा तुकडा रेंडर करून घेणं हाच उपाय.

रॅमचं पानही याच वेळी बघून घ्या. तिथं किती स्लॉट वापरात आहेत आणि वेग किती आहे ते लिहिलेलं असतं. एकच काडी असेल तर रॅम एका वाटेनं चालते, आणि आतल्या ग्राफिक्सला तीच रॅम वापरायची असल्यामुळे क्विक सिंकही मंदावतं. ३२ जीबीची एक काडी घेण्यापेक्षा १६-१६ च्या दोन घ्या. चार स्लॉटच्या बोर्डवर त्या साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. ३२०० ची डीडीआर४ रॅम असून २१३३ किंवा २६६६ दाखवत असेल तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेग देणारी सोय, सुरू करायची राहिली आहे.

फाइल ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नका

मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि प्रत्येक कॅमेऱ्याची एक क्लिप त्यात टाका. चारच गोष्टी वाचायच्या: फॉरमॅट, म्हणजे एव्हीसी की एचईव्हीसी (एव्हीसी म्हणजे एच.२६४, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५), क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती साठवली ते; ४:२:२ मध्ये ती ४:२:० पेक्षा जास्त), बिट डेप्थ (रंगछटा किती बारीक ते) आणि फ्रेम रेट मोड.

एच.२६४, ४:२:०, ८-बिट. सोनीचे ए७ थ्री, ए६४०० आणि जुने बहुतेक कॅमेरे हेच देतात. गेल्या दहा-बारा वर्षांतलं जवळपास कुठलंही इंटेल ग्राफिक्स किंवा एनव्हिडिया कार्ड ही फाइल सहज उलगडतं.

एच.२६५, ४:२:०, १०-बिट. ड्रोन आणि मोबाइलचं एचडीआर फुटेज बऱ्याचदा असं असतं. इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून याची सोय आहे (क्रमांकाच्या सुरुवातीवरून पिढी कळते: १२४०० म्हणजे १२वी). सहाव्या पिढीत एच.२६५ आहे, पण ८-बिटच. चौथ्या पिढीत तर ते सर्किटच नाही.

एच.२६५, ४:२:२, १०-बिट. कॅननचा आर६ लॉगमध्ये (नंतर रंग सुधारण्यासाठीच्या फिक्या चित्रात) हे देतो, सोनीचे नवे कॅमेरे एक्सएव्हीसी एचएसमध्ये देतात. इंटेल डेस्कटॉपवर ११व्या पिढीच्या आय५ पासून पुढे हे उलगडतं. एएमडीच्या रायझनमध्ये ही सोय नाही, आणि एनव्हिडियाच्या ३० आणि ४० मालिकेच्या कार्डांतही नाही. हे वाक्य दोनदा वाचा. महागडं कार्ड आणि महागडा रायझन घेऊनही नव्या कॅमेऱ्याचं फुटेज अडकतं, त्याचं उत्तर इथंच आहे.

एच.२६४, ४:२:२, १०-बिट. ए७ फोरचा एक्सएव्हीसी एस किंवा पॅनासॉनिकचा जीएच५ वापरणाऱ्यांच्या डिस्कवर हे सापडतं. सगळ्यांत त्रासदायक प्रकार हाच. इंटेलच्या १४व्या पिढीपर्यंतचं क्विक सिंक त्याला हात लावत नाही, सगळा भार कोअरवर येतो. एनव्हिडियाच्या ५० मालिकेच्या कार्डांत ४:२:२ उलगडण्याची सोय आली आहे, पण एडिटिंग सॉफ्टवेअरही तेवढं नवं हवं.

इथं एक बिनखर्चाचा उपाय आहे. हळदी, अक्षता, पंगत असं ज्यात रंगावर फार काम करायचं नाही, ते शूटिंग कॅमेऱ्यात ४:२:० वर ठेवा. लॉगमध्ये ग्रेडिंग करायचंच असेल आणि घरात ११व्या किंवा पुढच्या पिढीचा इंटेल असेल, तर ४:२:२ साठी एच.२६५ चा पर्याय निवडा. कॅमेऱ्याच्या मेनूतली ही एक ओळ बदलल्यानं जेवढा फरक पडतो तेवढा कित्येकदा प्रोसेसर बदलूनही पडत नाही.

फ्रेम रेट मोडसमोर 'व्हेरिएबल' दिसलं तर ते मोबाइलचं फुटेज. त्याचा आवाज ओठांपासून सुटत जातो. हँडब्रेक किंवा शटर एन्कोडरमध्ये ते २५ फ्रेमवर कॉन्स्टंट करून घ्या आणि मगच टाइमलाइनवर आणा. कुठलाही प्रोसेसर हा दोष दुरुस्त करत नाही.

'एफ' या एका अक्षराची किंमत

आपल्याकडे जोडल्या जाणाऱ्या मशीनमध्ये १२४००एफ, १३४००एफ, १४४००एफ हे प्रोसेसर फार दिसतात, कारण ते थोडे स्वस्त मिळतात. गेम खेळणाऱ्याला त्यात काही तोटा नाही. पण 'एफ' म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद, म्हणजेच क्विक सिंक नाही. थोडे पैसे वाचवताना जे हवं होतं नेमकं तेच सोडून दिलं जातं. कोअर अल्ट्रामध्येही हाच नियम आहे: २४५के मध्ये ग्राफिक्स आहे, २४५केएफ मध्ये नाही.

एडियस हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी तर एफचा प्रोसेसर घेऊच नये. लग्नाच्या मिक्सिंगमध्ये एडियस अजून घट्ट पाय रोवून आहे आणि त्याची बरीच कामं क्विक सिंकवर बेतलेली आहेत. क्विक सिंकवरच चालणाऱ्या आवृत्तीत, एफ प्रोसेसरवर एच.२६४ एक्स्पोर्टच्या खिडकीत हार्डवेअर एन्कोडची चौकट करडी पडते, निवडताच येत नाही. तिथं करडी चौकट दिसली की क्विक सिंक मिळत नाही हे समजा.

प्रोसेसर एफ नसूनही चौकट करडी असेल तर आतलं ग्राफिक्स बायोसमध्ये बंद पडलेलं असतं. वेगळं ग्राफिक कार्ड बसवलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. जोडणारा डिस्प्ले आला म्हणून निघून जातो आणि पुढची दोन वर्षं क्विक सिंक झोपलेलंच राहतं. ते असं जागं करायचं:

१. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा.

२. आसुसच्या बोर्डवर अ‍ॅडव्हान्स्ड, सिस्टीम एजंट कॉन्फिगरेशन, ग्राफिक्स कॉन्फिगरेशन या वाटेनं जाऊन 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' एनेबल करा. एमएसआयवर त्याला 'आयजीडी मल्टी-मॉनिटर' म्हणतात. गिगाबाइटवर 'इंटर्नल ग्राफिक्स' हे ऑटोवरून एनेबल करावं लागतं.

३. मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डालाच राहू द्या. सेव्ह करून विंडोज सुरू करा आणि इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर बसवा. हा टप्पा विसरला जातो, आणि ड्रायव्हरशिवाय सॉफ्टवेअरला ते ग्राफिक्स दिसत नाही.

४. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू ० आणि जीपीयू १ अशी दोन नावं आली की काम झालं. एकात इंटेल यूएचडी ७३० किंवा ७७० दिसेल.

५. प्रीमियर हे एडिटिंग सॉफ्टवेअर असेल तर त्यात प्रेफरन्सेसमधल्या मीडियाच्या पानावर हार्डवेअर डिकोडिंगखाली इंटेलची खूण करा आणि प्रीमियर बंद करून पुन्हा उघडा. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये रेंडरर जीपीयू अ‍ॅक्सिलरेशनवरच हवा.

मग तीच टाइमलाइन पुन्हा चालवून व्हिडिओ डिकोडचा आलेख बघा. शून्यावर पडलेली रेघ उठून ४०–५० टक्क्यांवर जाते आणि सीपीयूची रेघ खाली बसते. तीस सेकंदांत दिसणारा हा बदल हाच खरा पुरावा.

डिस्क, उष्णता, वीज

१०० मेगाबिटच्या फोरके फुटेजचा हिशेब सोपा आहे: सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. तीन कॅमेरे चार-चार तास चालले तर एका लग्नाचे ५४० जीबी. एका कॅमेऱ्याचं फुटेज फिरती हार्ड डिस्क सहज पुरवते. पण तीन फाइली एकाच वेळी वाचताना तिची सुई सतत इकडून तिकडे पळते आणि वेग कोसळतो. म्हणून विंडोज आणि सॉफ्टवेअर एनव्हीएमई या वेगवान एसएसडीवर, चालू लग्न दुसऱ्या एसएसडीवर, आणि झालेली कामं हार्ड डिस्कवर. एक टीबीची साधी साटा एसएसडीसुद्धा चालू कामाला पुरते. यूएसबीला लावलेल्या डिस्कवरून थेट एडिट करू नका.

उष्णतेचं दुखणं गावागणिक वेगळं आहे. अथणी, रायबागकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच तापलेली असते. खानापूरच्या बाजूला तांबड्या मातीची बारीक धूळ आणि पावसाळ्यात ओल, दोन्ही मिळून हीटसिंकच्या पात्यांमध्ये लिंपण तयार होतं. निपाणीत तंबाखूच्या वखारीजवळ स्टुडिओ असेल तर तो बारीक चिकट भुगा पंख्यावर थर धरतो आणि नुसत्या ब्लोअरनं निघत नाही. कूलर उतरवून ब्रशनंच साफ करावा लागतो.

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालू ठेवून अर्धा तास एक्स्पोर्ट लावा. इंटेलच्या १२ ते १४व्या पिढीचे प्रोसेसर १०० अंशांना पोहोचले की स्वतःच वेग कमी करतात, आणि तिथं 'थर्मल थ्रॉटलिंग'समोर 'येस' येतं. असं झालं तर कॅबिनेट उघडून कूलरच्या चारही खुंट्या बघा. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला प्लास्टिकच्या चार दाबखुंट्या असतात. त्यातली एक अर्धवट बसलेली असते, बोट लावलं की हलते, आणि कूलरचा तो कोपरा केसभर उचललेला राहतो. कूलर काढा, जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, वाटाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवा, आणि समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या खुंट्या जोडीनं, 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा. बोर्डच्या मागून चारही टोकं बाहेर आलेली दिसली पाहिजेत.

डब्यातला कूलर आय५ १२४०० ला पुरतो, कारण त्याची कमाल खेच ११७ वॉट आहे. आय७ १४७०० डब्यावर ६५ वॉटचा दिसला तरी जोरात असताना २१९ वॉटपर्यंत जातो. त्याला डब्यातला कूलर अपुरा, आणि एच६१० चा स्वस्त बोर्डही अपुरा. अशा बोर्डवर प्रोसेसरला वीज देणारे भाग उघडे असतात, ते तापले की बोर्डच प्रोसेसरचा वेग खाली ओढतो. आय७ घ्यायचा तर बी७६० चा, वीज भागावर हीटसिंक असलेला बोर्ड आणि मोठा टॉवर कूलर धरूनच हिशेब करा. ते परवडत नसेल तर आय५ घ्या, तो जास्त काम देईल.

विजेबद्दल एक-दोन गोष्टी. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटच्या आसपास देतो. आय७ आणि ग्राफिक कार्ड दोन्ही भरात असताना दिवे लुकलुकले की तो ओरडून बंद पडतो आणि एक्स्पोर्ट जातं. अशा मशीनला किमान १००० व्हीए धरा. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालत असेल तर त्याचं बटण 'यूपीएस' मोडवर ठेवा, दुसऱ्या मोडमध्ये बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि मशीन रिस्टार्ट होतं. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिणतं. ते आधी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, नवा प्रोसेसर नंतर.

विंडोज १० वर एक्स्पोर्ट अचानक मंद

इंटेलच्या १२व्या पिढीपासून अनेक प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर आहेत. विंडोज १० ला हा भेद नीट कळत नाही. एक्स्पोर्ट लावून खिडकी मिनिमाइज केली आणि मोबाइलवरचे फोटो बघायला घेतले की विंडोज सगळं काम छोट्या कोअरवर ढकलते. वीस मिनिटांचं एक्स्पोर्ट तासावर जातं. विंडोज ११ वर हे बरंच सुधारलं आहे. लगेच बदलता येत नसेल तर पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा आणि एक्स्पोर्टची खिडकी समोरच राहू द्या. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला, तेव्हा विंडोज ११ कडे जाणं ओघानं आलंच.

१३व्या-१४व्या पिढीचे आय७ आणि आय९ वापरणाऱ्यांना एक्स्पोर्ट मध्येच कोसळण्याचा, सॉफ्टवेअर बसवतानाच एरर येण्याचा त्रास झाला आहे. प्रोसेसर स्वतःच जादा व्होल्टेज मागत होता आणि त्यामुळे आतून झिजत होता. इंटेलनं २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावर बायोसमधून बसणारी मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि डबाबंद प्रोसेसरची वॉरंटी तीनवरून पाच वर्षं केली. मशीन यातलं असेल तर बोर्डचा बायोस सप्टेंबर २०२४ नंतरचा आहे का ते आजच बघा. झालेली झीज बायोसनं भरून येत नाही. त्यानंतरही मशीन कोसळत असेल तर वॉरंटीत प्रोसेसर बदलून मागा.

मग घ्यायचा कोणता

एडियस, एक-दोन कॅमेरे, ८-बिट ४:२:०: एफ नसलेला आय५ १२४००, १६ जीबी दोन काड्यांत, एक एसएसडी. ग्राफिक कार्ड नको. या वर्गात आठ-दहा हजारांचं जुनं कार्ड गळ्यात मारलं जातं, ते पैसे एसएसडीत घाला.

तीन कॅमेरे मल्टिकॅम किंवा ४:२:२ चं एच.२६५: आय५ १२५००, १३५०० किंवा १४५०० यातला मिळेल तो. १२४०० आणि १३४०० मधल्या यूएचडी ७३० ग्राफिक्समध्ये व्हिडिओ इंजिन एकच आहे, १२५०० पासूनच्या यूएचडी ७७० मध्ये दोन आहेत. दुकानदार १३४०० ला "नवी पिढी" म्हणून पुढे करेल. त्यात कोअर चार जास्त आहेत हे खरं, पण मल्टिकॅमसाठी १२५०० चं दुसरं इंजिन जास्त कामाचं. १३५०० आणि १४५०० मध्ये दोन्ही आहे: १४ कोअर, २० थ्रेड आणि दोन इंजिनं. लग्नाच्या स्टुडिओसाठी आमच्या मते सर्वांत समतोल निवड हीच. सोबत ३२ जीबी रॅम.

प्रीमियर किंवा रिझॉल्व्हमध्ये ग्रेडिंग, नॉइज रिडक्शन, आफ्टर इफेक्ट्सचे टायटल असं रोजचं काम असेल तर आय७ १२७०० किंवा १४७००, आणि बरोबर १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० किंवा त्यापुढचं कार्ड. रिझॉल्व्ह जवळपास सगळं ग्राफिक कार्डावर करतो, तिथं प्रोसेसरवरचे पैसे कमी करून कार्डावर टाका. वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, त्या अंधारातल्या फुटेजवर नॉइज रिडक्शन लावलं की कुठलंही मशीन रडतं. तो इफेक्ट कट पूर्ण झाल्यावर सगळ्यांत शेवटी लावा, किंवा लावून तेवढा भाग रेंडर करून टाका.

एच.२६४ चं ४:२:२ आधीच डिस्कवर पडलेलं असेल तर प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या नकला. रात्री झोपताना प्रीमियरमध्ये १२८०×७२० च्या प्रॉक्सी लावून ठेवा, सकाळी चार वर्षं जुन्या आय५ वरही तीन कॅमेरे पळतात. एक्स्पोर्ट मूळ फाइलवरूनच होतं, दर्जा जात नाही.

रायझन वाईट नाही. ७७०० किंवा ७९०० कोअरच्या कामात उत्तम आहेत, आणि फुटेज ४:२:० चं असेल, सोबत एनव्हिडियाचं कार्ड असेल तर काही अडत नाही. ४:२:२ चं एच.२६५ असेल तर मात्र इंटेलच. ५६०० आणि ५६००एक्समध्ये आतलं ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे, हे लक्षात ठेवा.

दोन फसव्या खरेदींपासून जपा. पहिली, जुन्या झिऑनच्या वर्कस्टेशन. ई५-२६८० व्ही४ मध्ये १४ कोअर, २८ थ्रेड असतात आणि किंमत बघून मोह होतो. तो २०१६ चा प्रोसेसर आहे, त्यात क्विक सिंक नाही, विंडोज ११ ला तो अधिकृतपणे चालत नाही आणि वीजबिल वाढतं ते वेगळंच. दुसरी, "आय७ आहे" एवढंच सांगून विकलेलं मशीन. आय७ ४७७० हा २०१३ चा, चार कोअरचा. १२व्या पिढीचा आय३ १२१०० त्याच्या कितीतरी पुढे आहे. आय३-आय५-आय७ हे नुसतं आडनाव समजा. माणूस कोण ते पुढच्या चार-पाच आकड्यांवरून आणि शेवटच्या अक्षरावरूनच कळतं.

जुन्या मशीनमध्ये डीडीआर४ रॅम असेल तर १२ ते १४ पिढीसाठी डीडीआर४ चालणारा बोर्ड मिळतो, रॅमचे पैसे वाचतात. एएम५ च्या रायझनला आणि कोअर अल्ट्रा २०० ला डीडीआर५ च लागते. आणि ६०० मालिकेच्या जुन्या बोर्डवर १४वी पिढी बसवायची असेल तर आधी बायोस अपडेट करून घ्या, नाहीतर पडदा काळाच राहतो आणि नवा प्रोसेसर खराब निघाला अशी समजूत होते.

दुकानात जाताना

प्रत्येक कॅमेऱ्याची आणि ड्रोनची एकेक मिनिटाची क्लिप पेन ड्राइव्हवर घ्या. खडेबाजारात घ्या, कोल्हापूरला जा की बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून मागवा, मशीन जोडून झाल्यावर त्या क्लिप आधी त्याच्या एसएसडीवर कॉपी करा. तीन क्लिप एकावर एक लावून फुल रिझोल्यूशनवर चालवा. प्रीमियरमध्ये प्रोग्रॅम मॉनिटरच्या पान्याच्या खुणेखाली 'शो ड्रॉप्ड फ्रेम इंडिकेटर' आहे, तो लावा. एक फ्रेम जरी सुटली तरी हिरवा ठिपका पिवळा होतो. प्लेहेड मागे-पुढे ओढून बघा. मग दहा मिनिटांचं एक्स्पोर्ट लावा आणि तेवढा वेळ तिथंच थांबा.

बिलावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक शेवटच्या अक्षरासकट लिहून घ्या. नुसतं "आय-फाइव्ह १२ जनरेशन" असं बिल स्वीकारू नका. सीपीयू-झेड उघडून तोच क्रमांक पडद्यावर जुळवा. आणि प्रोसेसरचा रिकामा डबा मागून घ्या. वॉरंटीसाठी लागणारा नंबर त्याच्यावर असतो आणि तो कूलरखालीही दडलेला असतो, मग तो वाचायला पेस्ट पुसावी लागते.